होम थिएटरमध्ये स्पीकर ‘लार्ज’ ठेवायचा की ‘स्मॉल’? सबवूफरचा क्रॉसओव्हर किती असावा? समजून घ्या सोप्या भाषेत

नवा होम थिएटर संच घरी येतो. पुढे दोन उंच टॉवर, टीव्हीखाली सेंटर, मागे दोन छोटे स्पीकर आणि कोपऱ्यात काळा ठोकळा, म्हणजे सबवूफर. वायरी जोडून होतात, रिसीव्हर सुरू होतो आणि पहिला सिनेमा लागतो. स्फोट झाला की शोकेसमधल्या काचा थरथरतात, पण हिरो काय बोलला ते मात्र कळत नाही. मग रिमोट हातातच राहतो. संवादाला आवाज वाढवायचा, मारामारी आली की कमी करायचा. थोड्या वेळाने घरातलं कुणीतरी जुनी गाणी लावतं, तर सबवूफर चक्क गप्प!

आता पुढची पायरी ठरलेली असते. “सबवूफर लहान पडतोय, मोठा घ्या” असा सल्ला मिळतो आणि आणखी वीस-पंचवीस हजारांची तयारी सुरू होते.

थांबा मंडळी! पैसे काढण्याआधी रिसीव्हरच्या मेन्यूत पाच मिनिटं घालवा. वर सांगितलेल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथल्या दोन सेटिंगमध्ये असतं. एक म्हणजे ‘स्पीकर साइझ’ आणि दुसरं ‘क्रॉसओव्हर’. ही दोन्ही काय आहेत, ती कशी लावायची आणि कुठे चूक होते, ते आज बघूया.

आधी थोडं आवाजाबद्दल

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. आकडा जितका लहान, तितका आवाज खर्जातला. बास गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची असते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. सिनेमातले स्फोट, विमानाची घरघर, भूकंपाचा आवाज यापेक्षाही खाली, २० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात जातात.

हा खालचा पट्टा वाजवणं फार कष्टाचं काम आहे. आवाज तेवढाच मोठा ठेवून कंपनसंख्या निम्मी केली, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागे-पुढे हलावं लागतं. म्हणजे ८० हर्ट्झला जो पडदा १ मिलिमीटर हलतो, त्याला ४० हर्ट्झला ४ मिलिमीटर आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर हलायला हवं. चार इंची स्पीकरला हे झेपणं शक्यच नाही. टॉवरमधल्या साडेसहा इंची वूफरचीही इथे दमछाक होते.

म्हणूनच सबवूफर असतो. मोठा पडदा, जाड पेटी आणि बहुतेक वेळा स्वतःचा वेगळा अँप्लिफायर. खर्जाचं जड ओझं त्याने उचलायचं आणि बाकीच्या स्पीकरनी आपापलं काम मोकळेपणाने करायचं. कुणी काय उचलायचं, याची वाटणी रिसीव्हर करतो. या वाटणीला ‘बास मॅनेजमेंट’ म्हणतात. स्पीकर साइझ आणि क्रॉसओव्हर ही त्याच वाटणीची दोन बटणं.

‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ म्हणजे नेमकं काय?

सर्वांत मोठा घोळ या दोन शब्दांनीच घातलाय. मेन्यूत ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ दिसतं आणि आपल्याला वाटतं की हा पेटीच्या आकाराचा प्रश्न आहे. चार फुटी टॉवरला ‘स्मॉल’ कसं म्हणायचं? इतके पैसे मोजलेत की हो!

खरं तर याचा उंचीशी किंवा किमतीशी काहीही संबंध नाही.

‘लार्ज’ म्हणजे या स्पीकरला त्याच्या चॅनेलचा सगळा आवाज द्या, अगदी खालच्या खर्जापासून वरच्या टिपेपर्यंत. त्यातलं काहीही काढून सबवूफरकडे पाठवू नका.

‘स्मॉल’ म्हणजे ठरावीक आकड्याच्या खालचा खर्ज या स्पीकरमधून काढून घ्या आणि सबवूफरला द्या.

काही कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये ‘लार्ज’ऐवजी ‘फुल बँड’ असा शब्द असतो. तो जास्त प्रामाणिक आहे. तुम्हीही मनातल्या मनात ‘स्मॉल’ऐवजी ‘सबवूफरची मदत हवी’ आणि ‘लार्ज’ऐवजी ‘मदत नको’ असं वाचा, निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

आता प्रश्न असा की घरात सबवूफर असताना त्याची मदत का नाकारायची? म्हणून साधा नियम: सबवूफर असेल तर सगळे स्पीकर ‘स्मॉल’. टॉवरसुद्धा.

यामुळे तीन फायदे होतात. पहिला, टॉवरच्या वूफरला खर्जासाठी जोरजोरात हलावं लागत नाही, त्यामुळे त्यातून येणारे संवाद आणि वाद्यं स्वच्छ ऐकू येतात. दुसरा, खर्जाला सर्वांत जास्त वीज लागते, ती आता सबवूफरचा स्वतःचा अँप्लिफायर देतो. रिसीव्हरवरचा ताण हलका होतो. तिसरा फायदा खोलीशी संबंधित आहे. टॉवर कुठे ठेवायचे हे टीव्ही ठरवतो, पण सबवूफर जिथे खर्ज चांगला उमटतो तिथे ठेवता येतो.

आणि लहान स्पीकर चुकून ‘लार्ज’ राहिला तर? कमी आवाजात फारसं कळणार नाही. मोठ्या आवाजात मात्र पडदा मर्यादेबाहेर हलतो, ‘टक टक’ असा आवाज येतो, आतली कॉइल तापते आणि एक दिवस स्पीकर कायमचा जातो.

मग गाणी लावल्यावर सबवूफर गप्प का होतो?

याचं उत्तर ५.१ मधल्या ‘.१’ मध्ये दडलंय.

५.१ मध्ये पाच पूर्ण चॅनेल असतात आणि सहावा फक्त खर्जासाठी. त्याला एलएफई म्हणतात, म्हणजे कमी कंपनसंख्येच्या परिणामांसाठी राखीव चॅनेल. तो जेमतेम १२० हर्ट्झपर्यंतच जातो. पूर्ण चॅनेलच्या मानाने इतका छोटा पट्टा असल्यामुळे त्याला ‘एक’ न म्हणता ‘.१’ म्हणतात. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिमी प्रतींमध्ये खर्जासाठी वेगळे ट्रॅक वापरले होते. ‘५.१’ हे नाव ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होलमन यांनी १९८७ मध्ये सुचवलं आणि १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटलच्या रूपाने ते थिएटरात पोहोचलं.

लक्षात घ्या, एलएफई हा सिनेमाच्या साउंडट्रॅकमधला एक चॅनेल आहे आणि सबवूफर हे तुमच्या घरातलं एक यंत्र. दोन्ही एकच नव्हेत. सबवूफरला दोन ठिकाणांहून काम मिळतं:

१. सिनेमातल्या एलएफई चॅनेलमधून.
२. ‘स्मॉल’ केलेल्या स्पीकरमधून काढून घेतलेल्या खर्जातून.

गाणी स्टिरिओमध्ये असतात, म्हणजे फक्त डावा आणि उजवा चॅनेल. त्यात एलएफई नसतोच. पुढचे स्पीकर ‘लार्ज’ असतील तर दुसरा मार्गही बंद. मग सबवूफरला काम देणार कोण? तो बिचारा गप्प बसतो. पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करा, लगेच गाण्यांतही जागा होईल.

तरीही गप्प असेल तर ‘प्युअर डायरेक्ट’ किंवा ‘डायरेक्ट’ मोड चालू नाही ना, ते बघा. अनेक रिसीव्हरमध्ये या मोडमध्ये बास मॅनेजमेंट बंद होतं.

क्रॉसओव्हर म्हणजे हद्दीचा दगड

‘स्मॉल’ केल्यावर रिसीव्हर विचारतो की नेमक्या कुठल्या आकड्याखालचा आवाज सबवूफरला द्यायचा? तो आकडा म्हणजे क्रॉसओव्हर. दोन शेतांच्या मधला हद्दीचा दगडच म्हणा ना.

फरक एवढाच की ही हद्द भिंतीसारखी सरळ उभी नसते, उतारासारखी असते. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवला तर ८१ हर्ट्झला सबवूफर अचानक बंद पडत नाही, तो हळूहळू मंद होत जातो. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हा उतार सबवूफरच्या बाजूने दर सप्तकाला २४ डेसिबल असतो. म्हणजे ८० च्या दुप्पट, १६० हर्ट्झला, सबवूफरचा आवाज २४ डेसिबलने खाली आलेला असतो. स्पीकरच्या बाजूने उतार सौम्य, दर सप्तकाला १२ डेसिबल असतो, कारण स्पीकर स्वतःही खाली जाताना मंदावतच असतो.

याचा अर्थ असा की हद्दीच्या दोन्ही बाजूंना काही अंतर दोघंही एकत्र वाजतात. म्हणून स्पीकरला हद्दीच्या थोडं खालपर्यंत नीट वाजता आलं पाहिजे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

सगळे ८० हर्ट्झच का सांगतात?

८० हर्ट्झ हा आकडा टीएचएक्सच्या घरगुती संचांच्या मानकामुळे रूढ झाला. त्यामागे दोन कारणं आहेत.

एक कारण आपले कान. ८० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ४.३ मीटर, म्हणजे १४ फूट लांब असते. आपल्या दोन कानांत अंतर वीतभर. एवढी लांब लहर दोन्ही कानांवर जवळजवळ सारखीच पोहोचते, त्यामुळे ती कुठून आली हे मेंदूला नीट ओळखता येत नाही. म्हणून ८० च्या खालचा खर्ज कोपऱ्यातल्या सबवूफरमधून आला, तरी तो पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. आकडा जसजसा वर जातो, १२०, १५०, तसतसा सबवूफर कुठे आहे हे कळायला लागतं. पुरुषाच्या आवाजाचा काही भाग सबवूफरमधून यायला लागला की बोलणारा समोर आणि त्याचा घोगरेपणा सोफ्याच्या बाजूला, असा विचित्र प्रकार होतो.

दुसरं कारण स्पीकर. मध्यम आकाराचे बरेचसे चांगले बुकशेल्फ स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत आरामात काम करतात.

म्हणजे ८० हा दोन्ही बाजूंना सोयीचा आकडा आहे. सुरुवात इथून करायची. पण तो काही देवाने लिहून दिलेला नाही. तुमचे स्पीकर छोटे असतील तर वर जावंच लागेल.

तुमच्या स्पीकरसाठी आकडा कसा ठरवायचा?

स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’ ही ओळ शोधा. समजा तिथे ‘५५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, अधिक-उणे ३ डेसिबल’ असं लिहिलंय. यातला पहिला आकडा, ५५, आपल्या कामाचा. क्रॉसओव्हर याच्या किमान १० ते २० हर्ट्झ वर ठेवा. जमलं तर साधारण दीडपट. म्हणजे ५५ असेल तर ८० अगदी योग्य.

इथे एक सावधगिरी. ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ हे शब्द नसतील तर त्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. काही माहितीपत्रकांत आवाज ६ किंवा १० डेसिबलने पडलेला असतो तिथला आकडा छापलेला असतो. कागदावर तो दिसतो छान, प्रत्यक्षात तिथे स्पीकर कुजबुजत असतो.

माहितीपत्रकच हरवलं असेल तर हा अंदाज वापरा:

• तळहातावर मावणारे, तीन इंची पडद्याचे छोटे सॅटेलाइट: १२० ते १५० हर्ट्झ
• चार इंची पडद्याचे बुकशेल्फ किंवा सेंटर: १०० हर्ट्झच्या आसपास
• पाच ते साडेसहा इंची बुकशेल्फ: ८० हर्ट्झ
• टॉवर: ६० ते ८० हर्ट्झ
• छतात बसवलेले छोटे स्पीकर: १०० ते १२० हर्ट्झ

शंका आली तर वरचा आकडा घ्या. आकडा थोडा जास्त झाला तर फार बिघडत नाही. तो खूप कमी झाला तर मध्ये खड्डा पडतो, तिथे स्पीकर पोहोचत नाही आणि सबवूफरला काम दिलेलं नसतं. नेमका त्या खड्ड्यात पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा, मृदंगाची थाप, ढोलाचा दणका हरवतो. आवाज पातळ लागतो आणि आपण दोष देतो सेंटर स्पीकरला.

एक उदाहरण घेऊ. समजा एका घरात पुढे टॉवर आहेत (४० हर्ट्झपासून), सेंटर चार इंची आहे (७५ हर्ट्झपासून) आणि मागचे स्पीकर तीन इंची आहेत (११० हर्ट्झपासून). तिघांसाठी एकच आकडा कशाला? टॉवर ८०, सेंटर १००, मागचे १२०. मोठ्या आवाजात मागचे दमल्यासारखे वाटले तर १५०. आजकालच्या बहुतेक रिसीव्हरमध्ये असा वेगवेगळा आकडा देता येतो. तुमच्याकडे सगळ्यांसाठी एकच आकडा असेल तर सर्वांत लहान स्पीकरला झेपेल तो निवडा.

प्रत्यक्ष सेटिंग: एक-एक पायरी

१. सबवूफरची वायर रिसीव्हरच्या ‘सबवूफर प्री-आउट’मध्ये जोडा. सबवूफरच्या मागे ‘एलएफई’ असं लिहिलेलं छिद्र असेल तर दुसरं टोक तिथे लावा.

२. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा किंवा ‘बायपास’ करा. ही पायरी फार लोक विसरतात. रिसीव्हरने ८० ला हद्द आखली आणि सबवूफरवरही ८० चीच आखली, तर एकाच आवाजाला दोनदा कात्री लागते आणि हद्दीजवळ खड्डा पडतो. वाटणी एकानेच करायची, ती रिसीव्हरला करू द्या.

३. सबवूफरचं व्हॉल्यूमचं बटण अर्ध्यावर ठेवा.

४. रिसीव्हरसोबत आलेला माइक नेहमीच्या बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून ऑटो सेटअप चालवा. पंखा, एसी, मिक्सर बंद. मुलांना दहा मिनिटं खेळायला पाठवा. माइक हातात धरू नका, कॅमेऱ्याच्या स्टँडवर लावा.

५. आता मेन्यूत जाऊन निकाल तपासा. ऑटो सेटअप बऱ्याचदा टॉवरला ‘लार्ज’ ठरवतो. ते ‘स्मॉल’ करा. क्रॉसओव्हर ६० पेक्षा कमी आला असेल तर ८० करा. ऑटो सेटअपने दिलेला आकडा वाढवायला हरकत नाही, कमी मात्र करू नका. स्पीकर जिथपर्यंत नीट वाजतो तिथपर्यंतच मोजणी झालेली असते.

६. ‘सबवूफर मोड’ किंवा ‘बास’ या नावाखाली ‘एलएफई’ आणि ‘एलएफई प्लस मेन’ असे पर्याय दिसले तर ‘एलएफई’ निवडा. दुसऱ्या पर्यायात तोच खर्ज पुढच्या स्पीकरमधूनही येतो आणि सबवूफरमधूनही. काही रिसीव्हरमध्ये याला ‘डबल बास’ किंवा ‘एक्स्ट्रा बास’ म्हणतात. नाव आकर्षक आहे, पण परिणाम बहुतेक घरांत गढूळ होतो.

७. ‘एलपीएफ फॉर एलएफई’ असं सेटिंग असेल तर ते १२० हर्ट्झवर ठेवा. याचा स्पीकरच्या क्रॉसओव्हरशी संबंध नाही. ते सिनेमाच्या एलएफई चॅनेलसाठी आहे आणि तो चॅनेल १२० पर्यंत जातो. इथे ८० केलं तर सिनेमाचाच थोडा खर्ज कापला जाईल.

८. सबवूफरची लेव्हल किती आली ते बघा. ती अगदी टोकाला, म्हणजे उणे १२ वगैरे असेल तर सबवूफरचं बटण जास्त वर आहे. ते कमी करा आणि ऑटो सेटअप पुन्हा चालवा. शून्याच्या आसपास किंवा थोडी उणे लेव्हल उत्तम.

९. सबवूफर ८ फुटांवर असताना मेन्यूत अंतर १२ फूट दिसलं तर घाबरू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला थोडा उशीर होतो, तो भरून काढायला रिसीव्हर अंतर वाढवून धरतो. तो आकडा तसाच राहू द्या.

१०. फेजचं बटण शेवटी. खर्ज भरपूर असलेलं गाणं लावा, तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कुणालातरी फेज ० आणि १८० असा बदलायला सांगा. ज्या बाजूला खर्ज भरीव लागेल ती ठेवा. फरकच कळला नाही तर ० ठीक.

सबवूफर कुठे ठेवायचा?

इथे खोली आपला हात दाखवते. खर्जाच्या लांब लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात. काही जागी त्यांची बेरीज होते, काही जागी वजाबाकी. १२ फूट लांबीच्या खोलीत अशी पहिली मोठी गडबड साधारण ४७ हर्ट्झला होते, १० फुटांच्या बाजूला ५६ हर्ट्झला. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, खाली फरशी. खर्ज बाहेर निसटत नाही, आतच घुमत राहतो.

म्हणून एकाच खोलीत सोफ्यावर खर्ज कमी आणि दारात उभं राहिलं तर धडधड, असं होतं. अगदी खोलीच्या मधोमध बसलात तर काही स्वर जवळजवळ नाहीसे होतात. भिंतीला पाठ लावून बसलात तर ते फुगतात.

यावर एक गमतीशीर पण खात्रीचा उपाय आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, हो, सोफ्यावरच! खर्जाचं गाणं लावा. मग सबवूफर जिथे ठेवणं शक्य आहे अशा जागी गुडघ्यांवर रांगत जाऊन, कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे खर्ज स्पष्ट आणि एकसारखा ऐकू येईल, प्रत्येक स्वर वेगळा कळेल, ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्या.

कोपऱ्यात ठेवलं की आवाज मोठा होतो, पण घुमतोही. आधी थोडा बाहेर ओढून बघा. जागा बदलली की ऑटो सेटअप पुन्हा चालवायला विसरू नका.

संवाद अजूनही दबतात?

स्पीकर साइझ आणि क्रॉसओव्हर नीट लावूनही बोलणं अस्पष्ट असेल तर आधी सबवूफर २-३ डेसिबलने कमी करा. जास्तीचा खर्ज शब्दांना झाकून टाकतो. मग सेंटरची लेव्हल १-२ डेसिबल वाढवा. सेंटर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे ओढा. खणात तो पिंपात बोलल्यासारखा वाजतो. एकदा सगळं बसलं की एकाच ओळखीच्या सिनेमाचा एकच प्रसंग वारंवार लावून तुलना करा. दर वेळी नवा सिनेमा लावला तर फरक सेटिंगचा की सिनेमाचा, हे कळणार नाही.

मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपवर खर्जाच्या बाबतीत विसंबू नका. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो.

शेजाऱ्यांचाही विचार करा

टिपेचा आवाज बंद दार आणि पडदा बऱ्यापैकी अडवतात. खर्ज भिंती आणि स्लॅबमधून सहज पलीकडे जातो. तुम्हाला सिनेमा ऐकू येतो, खालच्या मजल्यावरच्या आजींना फक्त धडधड. त्यामुळे फ्लॅटमधल्या होम थिएटरची खरी परीक्षा रात्री दहानंतर असते.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. यातली मोजणी अशा पद्धतीने होते की त्यात खर्जाला कमी वजन मिळतं. म्हणजे मीटरवर आकडा मर्यादेत दिसला तरी शेजाऱ्याची झोप मोडलेली असू शकते.

म्हणून रात्रीसाठी ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’चं सेटिंग वापरा. त्याने मोठे आवाज दबतात आणि हळू संवाद वर येतात. सोबत सबवूफर ४-५ डेसिबल खाली घ्या. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमची बैठक ठेवली तर फरशीत जाणारी थरथर थोडी कमी होते. मात्र हवेतून जाणारा खर्ज त्याने अडत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सबवूफर नसेल तर काय करायचं?
मेन्यूत सबवूफर ‘नाही’ असं सांगा. मग रिसीव्हर पुढचे स्पीकर आपोआप ‘लार्ज’ करतो, कारण खर्ज द्यायला दुसरं कुणी नसतं. अशा वेळी आवाज बेताचा ठेवा.

माझ्या तयार संचात हे मेन्यूच नाहीत, मग?
एकाच खोक्यातून येणाऱ्या बऱ्याच संचांत आणि साउंडबारमध्ये कंपनीनेच क्रॉसओव्हर ठरवून दिलेला असतो. तुमच्या हातात सबवूफरची लेव्हल आणि त्याची जागा, एवढंच. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

टॉवर खरोखर मोठे आहेत, तरी ‘स्मॉल’च?
हो. आधी ८० वर ऐका, मग ६० वर. जे आवडेल ते ठेवा. फक्त सबवूफरशिवाय शुद्ध स्टिरिओ ऐकायचा असेल तेव्हा ‘डायरेक्ट’ मोड आहेच.

दोन सबवूफर घेतले तर?
खोलीतल्या बेरीज-वजाबाकीचा त्रास कमी होतो आणि खर्ज सगळ्या जागांवर जास्त सारखा पोहोचतो. पण एकच सबवूफर नीट लावलेला नसेल, तर दुसऱ्याने गोंधळ दुप्पट होईल.

थोडक्यात लक्षात ठेवा

• सबवूफर आहे, म्हणजे सगळे स्पीकर ‘स्मॉल’.
• क्रॉसओव्हरची सुरुवात ८० हर्ट्झपासून, छोट्या स्पीकरसाठी वर.
• सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा बायपास.
• ‘एलपीएफ फॉर एलएफई’ १२० वर.
• ‘डबल बास’ बंद.
• ऑटो सेटअपनंतर मेन्यू स्वतः तपासा.

सगळं जमलं हे कसं ओळखायचं? सिनेमा बघताना सबवूफर कुठे ठेवलाय हे तुम्ही विसरून गेलात, की समजा जमलं. खर्ज पडद्यावरून येतोय असं वाटलं पाहिजे, कोपऱ्यातल्या काळ्या ठोकळ्यातून नाही.

आज रात्री एकच गोष्ट करून बघा. मेन्यूत जा, पुढचे स्पीकर ‘लार्ज’ आहेत का बघा, असतील तर ‘स्मॉल’ करून ८० लावा आणि तुमचं आवडतं गाणं ऐका. फरक पडला का, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि ज्या मित्राने परवाच नवा सबवूफर घ्यायचं मनावर घेतलंय, त्याला हा लेख आधी पाठवा!